जलकुंभीचं वाण

मांडवझरीच्या तलावात पाणी आहे, हे परक्या माणसाला सांगावं लागत असे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून पाहिलं तर समोर नुसतं हिरवं रान. या काठापासून त्या काठापर्यंत जलकुंभी माजलेली आणि वर जांभळ्या फुलांचे तुरे. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाणारे लोक गाडी थांबवून तिथं फोटो काढत. गावची ढोरं मात्र पाण्याच्या वासानं काठापर्यंत येत, पुढचा पाय त्या हिरव्यावर टाकत आणि दचकून मागे सरत. पाय ठेवावा तर जमीन नाही, तोंड घालावं तर पाणी नाही.

देवकाबाईच्या पोराला, धनंजयला, त्या जलकुंभीनं मागच्या साली पौषात गिळलं.

चना फुलावर आला होता. तलावावरची मोटार भणभणत होती, पण पाइपातून पाणी येत नव्हतं. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला जाळी असते, तिच्यात जलकुंभीच्या मुळ्या अडकल्या असणार, हे धनंजयला ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा तरी तो पाण्यात उतरून ती जाळी साफ करीच. त्या दिवशीही उतरला. काठावर चपला, सदरा आणि अर्ध्या खाल्लेल्या सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी ठेवून गेला, तो वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी ढिवरपुऱ्यातल्या मासे धरणाऱ्या तानबानं डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, गळ टाकून त्याला काढलं. पायांना काळ्या झिपऱ्यांसारख्या मुळ्या गुंडाळलेल्या होत्या, त्या विळ्यानं कापाव्या लागल्या.

पोर गेलं ते गेलं. पण देवकाबाईच्या काळजात जे रुतून बसलं ते नंतरचं.

तलावाचा मासोळीचा ठेका लक्ष्मणरावाकडे होता. लक्ष्मणराव म्हणजे माजी सरपंच. जाम गावच्या चौकात त्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. कागदावर ठेका ढिवरांच्या सोसायटीचा असला तरी सोसायटी त्याच्या मुठीत होती. तलाव साफ ठेवणं ठेकेदाराचं काम होतं, आणि मोटारी असलेल्या शेतकऱ्यांनी त्याला ते कितीदा तरी सांगितलं होतं. पंचनाम्याला पोलीस ठाण्याचे लोक आले तेव्हा हे सगळं निघणार, हे त्यानं ओळखलं. पाळीवर लोक जमले होते, धनंजयचा बाप महादेवराव मातीत बसला होता, पोराच्या अंगावर अजून पांढरं कापड यायचं होतं. तेव्हा लक्ष्मणराव पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पोट्टं पिऊन होतं साहेब. सकाळीच डुलत जाताना पाह्यलं मी. आता मेलेल्या माणसाचं काय बोलाचं."

धनंजय दारूला शिवत नव्हता हे गावाला ठाऊक होतं. तरी कोणी बोललं नाही. कोणाची उधारी लक्ष्मणरावाच्या दुकानात होती, कोणाला त्याच्या ट्रॅक्टरचं काम होतं. तानबा तर तिथंच गळ हातात धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली. ठाण्याच्या माणसानं ऐकलं तसं लिहून घेतलं.

बोललेलं वाक्य हवेत विरत नाही. ते नळावर आलं, चक्कीवर आलं, वर्षालीच्या माहेरापर्यंत गेलं. वर्षाली म्हणजे धनंजयची बायको, लग्नाचा हिरवा चुडा उतरून फार दिवस झाले नव्हते. माहेरच्या माणसांनी तिला बाजूला घेऊन विचारलं की दारुड्या होता हे तू आधी काऊन नाही सांगितलं. तेराव्याला लक्ष्मणराव जेवायला आला, पहिल्या पंगतीत बसला आणि बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली. देवकाबाईनं स्वतःच्या हातानं वाढली. वाढताना तिची नजर त्याच्या गळ्यातल्या घाटीवर होती. घास उतरला की ती खालीवर होत होती.

त्यानंतर महादेवराव तलावाकडे फिरकला नाही. चना उभा वाळला. मोटार काठावरच्या खोलीत गंजत पडली. महादेवराव दिवसभर वावरात जाई, पण काम एका हाताचं आणि बसणं दोन हातांचं. वर्षालीनं शिवणमशीन दाराशी ओढली आणि ब्लाउज शिवायला घेतले. तलावाचं नाव घरात निघत नसे.

ग्रामसभेत देवकाबाईनं एकदा उठून विचारलं, तलाव कधी साफ होणार म्हणून. तिला सांगण्यात आलं की त्यासाठी मोठी मशीन लागते, ती नागपूरहून आणावी लागते, निधी नाही. लक्ष्मणराव पहिल्या रांगेतल्या खुर्चीत होता. मागे न वळताच तो म्हणाला, "वयनी, कुंभी काई कोणाले पाण्यात बोलवाले जात नाई."

मागे दोघंतिघं हसली. देवकाबाई खाली बसली. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि सभा संपेपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

त्या पावसाळ्यात निंदण करताना, दिवाळीत कापूस वेचताना ती एकच गोष्ट मनात घोळवीत होती. लक्ष्मणरावाचं काय करावं? दुकान जाळावं, असं तिला वाटे. विष घालावं, असं वाटे. पण हे वाटून वाटूनच ती शेवटी थकली, आणि थकल्यावर तिला सरळ दिसलं. पोराला धरलं कोणी? जलकुंभीनं. त्या कुंभीला पोसलं कोणी? लक्ष्मणरावानं. मग आधी ती, मागून तो. एवढं ठरलं आणि पुष्कळ दिवसांनी तिला भूक लागली.

संक्रांत आली. गावच्या रीतीप्रमाणे बाया घरोघर हळदीकुंकवाला जाऊ लागल्या. वर्षालीला बोलावणं नव्हतं. देवकाबाईनं मात्र त्या वर्षी एकही घर चुकवलं नाही. तिळगूळ घ्यावा, कुंकू लावून घ्यावं, आणि वाणाची वाटी किंवा कंगवा पुढे आला की तो हातानं मागे सारावा. "वाण म्हणून मले एक दिवस देजो," ती म्हणे. "तलावावर. कुंभी काढाले."

वाण मागणाऱ्या बाईला नाही म्हणणं अवघड. त्यातून देवकाबाई फार हुशारीनं बोले. जिच्या घरी म्हैस, तिला म्हशीच्या डुंबण्याचं सांगे. जिच्या पोराला डेंगू झाला होता तिला डासांचं सांगे. जिच्या मोटारीनं पाणी ओढणं सोडलं होतं तिला फक्त "तुह्या वावरात चना हाये ना औंदा?" एवढंच विचारी. स्वतःच्या पोराचं नाव तिनं एका घरातही काढलं नाही. दुःखासाठी लोक मातीला येतात, तेराव्याला येतात. चिखलात उतरायला स्वतःचं कारण लागतं, हे तिला कळलं होतं.

पहिल्या दिवशी बाया आल्या त्या हसत-लाजत आल्या. विळे, दाताळी, जुनी टोपली, धोतरं घेऊन आल्या. काठावरची कुंभी ओढायला लागल्या आणि त्यांना कळलं की हे गवत नव्हे. एक झुंबाड धरलं की त्याला दुसरं बांधलेलं, दुसऱ्याला तिसरं. पाण्यानं जड झालेलं ते ओझं ओढताना खांदे उखळीतून निघाल्यासारखे होत. मांड्यांना खाज सुटली. जळवा लागल्या. दुपारपर्यंत चटईएवढं पाणी मोकळं झालं आणि संध्याकाळी वारा फिरला तशी मागची कुंभी सरकून ते पुन्हा झाकून गेलं. बाया दमून पाळीवर बसल्या. एकजण म्हणाली की हे तर समुद्र चमच्यानं उपसणं झालं. देवकाबाईनं ऐकलं आणि काढलेल्या ढिगातलं एकेक रोप उचलून त्याचा गड्डा दगडावर ठेचू लागली.

या बायांचा एक व्हिडिओ मोबाइलवर फिरत फिरत हिंगणघाटच्या कॉलेजातल्या योगेंद्र सरांपर्यंत गेला. दरवर्षी ते पोरापोरींचं सेवाशिबिर कोणत्या तरी गावात नेत. त्या वर्षी मांडवझरीला आणलं. सर मनानं सरळ माणूस. त्यांनी जलकुंभीला जलपर्णी म्हटलं, तिचं बी तळाशी वर्षानुवर्षं जिवंत राहतं हे समजावलं, आणि काढलेला माल काठाजवळ टाकू नका, पावसात परत वाहून येईल, असं बजावलं. मग टाकायचा कुठे, म्हणून त्यांनी देवकाबाईला विचारलं.

पाळीच्या टोकाला लक्ष्मणरावाचा मोकळा प्लॉट होता. मासोळीचं वजन तिथंच व्हायचं. त्याची छोटी गाडी तिथूनच आत येई. देवकाबाईनं त्या दिशेला हात केला. सरांना वाटलं गायरान असेल. तिनं त्यांना तसंच वाटू दिलं.

मग कामाला रंग चढला. पोरं पाण्यात, बाया काठावर, मधे हातोहात टोपली देणारी साखळी. बांबू आडवे बांधून कुंभीला बांध घातला, म्हणजे वाऱ्यानं ती मागे सरकणार नाही. कमरेच्या वर पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक काठावरच्या माणसानं हातात धरायचं, हा नेम देवकाबाईनं घातला आणि कोणालाही मोडू दिला नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात तर तिनं कोणाला पाऊलच टाकू दिलं नाही. तिथं धनंजयचा पाइप होता. त्याच्या बाजूला मुरमाचा खड्डा होता. लक्ष्मणराव सरपंच असताना उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा जेसीबी लावून त्यानं आपण पाडलेल्या प्लॉटांच्या लेआउटच्या रस्त्यासाठी तिथला मुरूम नेला होता आणि विहिरीसारखा उभा खड्डा तसाच सोडला होता. वरून कुंभी आली आणि गाव खड्डा विसरलं. "तो कोपरा शेवटी," ती पोरांना सांगे. "डोंगा घेऊन जाऊ तिथं. पायानं कोणी जाजो नोको."

तानबा दुसऱ्याच दिवशी डोंगा घेऊन आला. ठेकेदाराची रोजी सोडून आला होता. त्यानं देवकाबाईकडे पाहिलं नाही, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. दिवसभर त्यानं डोंग्यातून कुंभी ओढली आणि संध्याकाळी गेला. पंचनाम्याच्या दिवसापासून तिला त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते तसंच होतं. फक्त तो कामाचा होता.

प्लॉटवर ढीग चढत गेला. आधी गुडघ्याएवढा, मग डोक्याएवढा. गाडीची वाट बंद झाली. मग लक्ष्मणराव आला. त्याच्या पांढऱ्या बुटांना काळा चिखल लागला होता.

"वयनी, हे माह्या जाग्यावर काऊन टाकून राह्यले?"

देवकाबाईनं टोपलं रिकामं केलं आणि म्हणाली, "तुमच्याच ठेक्यातली हाये. दुसऱ्याच्या जाग्यावर कशी टाकाव?"

तो काही बोलणार होता. पण समोर कॉलेजची पोरं होती, योगेंद्र सर होते, आणि हिंगणघाटच्या पेपराचा माणूस मोबाइल उगारून उभा होता. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. लक्ष्मणरावानं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. वा वा, म्हणाला, गावानं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोह्याचं मोठं पातेलं आलं, मठ्ठ्याचा ड्रम आला, आणि पाळीवरच्या बाभळीला बॅनर बांधलं गेलं. तलाव स्वच्छता अभियान, खाली सौजन्य म्हणून त्याचं नाव, वर त्याचा हात जोडलेला फोटो.

बायांनी पोहे खाल्ले. सरांनी आभार मानले. देवकाबाईला कोणीतरी प्लेट आणून दिली, ती तिनं शेजारच्या कुत्र्यापुढे ठेवली. बॅनरच्या सावलीत बसून भाकर खावी लागू नये म्हणून ती उन्हात जाऊन बसली. जे तिनं दारोदार फिरून वाण म्हणून गोळा केलं होतं, ते त्यानं एका पातेल्यात विकत घेतलं होतं.

शिबिर संपत आलं तेव्हा तलाव ओळखू येईना. मधोमध पाणी चकाकत होतं, बगळे आले होते, म्हशी बिनघोर बसल्या होत्या. फक्त पूर्वेचा कोपरा तेवढा हिरवा, जांभळ्या फुलांनी गच्च. लक्ष्मणराव त्या दिवशी हाफपँट घालूनच आला. पाण्यात उतरून काम करतानाचा फोटो त्याला हवा होता, आणि फुलं होती ती त्याच कोपऱ्यात.

सरांनी त्याला दोर बांधायला लावला. त्यानं हसत बांधला. "कोण धरते माहा दोर?" तो म्हणाला.

देवकाबाई जवळच होती. तिनं टोक उचललं.

खड्डा त्यानंच खोदवला होता. पण खोदताना तो पाळीवर खुर्ची टाकून बसला होता, तळात उतरला नव्हता. त्यातून कुंभी निघाल्यावर तलावाची ओळखीची खूणच उरली नव्हती. देवकाबाईला सांगता आलं असतं. प्रत्येक पोराला तिनं सांगितलं होतं. आता तिचे ओठ मिटलेले राहिले.

फोटो झाले. पेपरवाला गेला. सर पोरांना पोहे खायला बोलावत पाळीपलीकडे गेले. लक्ष्मणराव मात्र वर येईना. त्याला त्या कामाची गोडी लागली होती. एक मोठं झुंबाड सुटून हाताशी आलं, त्याला लहान पोरासारखा आनंद झाला, म्हणून तो दुसऱ्यासाठी पुढे सरकला. छातीएवढ्या पाण्यात होता. आणखी एक पाऊल टाकलं आणि दिसेनासा झाला.

आवाज फारसा झाला नाही. वरची पानं हलली, बाजूला झाली, पुन्हा एकमेकींत मिसळली.

देवकाबाईच्या हातातला दोर ताठ झाला. नायलॉननं तळव्याची कातडी घासली. ती काठावर टाच रोवून उभी राहिली. ओढला नाही, सोडलाही नाही. थोडं अंतर सोडून डोंग्यात तानबा होता. त्यानं पाहिलं. बांबू उचलला आणि देवकाबाईकडे पाहून तसाच धरून राहिला.

दोराला हिसके बसत होते. मासोळी गळाला लागल्यावर बसतात तसे. पानांतून एक हात वर आला, फुलांचा तुरा धरला, तो उपटून खाली गेला. असाच माझ्या लेकराचा हात आला असेल, देवकाबाईच्या मनात आलं. त्याचा दोर कोणाच्या हातात नव्हता. तिनं पानांवरची नजर काढली नाही. तिला भीती वाटत नव्हती, दया येत नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा छाती मोकळी वाटत होती.

मग त्याचं डोकं वर आलं. तोंडावर मुळ्या, डोळे बाहेर आलेले. त्या डोळ्यांना ती दिसली, तिच्या हातातला दोर दिसला, आणि ती ओढत नाही हेही दिसलं.

"लक्ष्मणराव," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माहा धनंजय पिऊन होता का?"

त्याच्या तोंडातून पाणी आलं. डोकं खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"नाई," तो म्हणाला. "नाई, नाई."

तिनं दोर ओढला. सगळं अंग मागे टाकून ओढला. तानबाचा डोंगा सपकन पुढे आला, त्यानं काखेत हात घातला. दोघांनी मिळून त्याला काठावर आणलं तेव्हा पाळीवरून पोरं धावत येत होती. लक्ष्मणराव पालथा पडून पाणी ओकत होता. पाय घसरला, म्हणाला. बस, तेवढंच म्हणाला.

गावभर झालं की देवकाबाईनं लक्ष्मणरावाचा जीव वाचवला. ज्या बाया नळावर तिला पाहून गप्प होत त्या आता हात धरून बोलू लागल्या. सरांनी समारोपाला शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार ठरवला, आणि शाल लक्ष्मणरावाच्याच हातून. महादेवरावानं ऐकलं, पटका उचलला आणि वावरात निघून गेला. देवकाबाईनं नवं नाही, पण धुतलेलं लुगडं नेसलं. वर्षालीला म्हणाली, तूही चाल.

शाळेच्या पटांगणात सगळं गाव होतं. लक्ष्मणराव माइकपुढे उभा राहिला. घसा अजून बसलेला होता, पण शब्द तयार होते. देवकावयनी म्हणजे आपल्या गावची माय, म्हणाला. तिनं मले जीवदान देलं, म्हणाला. तलावासाठी आपण सारे कसे एक झालो, ते म्हणाला. टाळ्या झाल्या. शाल खांद्यावर पडली तशी देवकाबाईनं ती काढून टेबलावर ठेवली आणि माइकजवळ गेली. तिला माइकवर बोलायची सवय नव्हती, तोंड फार जवळ नेल्यामुळे आवाज घोगरा आला.

"पाण्यात मले जे सांगतलं, ते इथं सांगा," ती म्हणाली.

लक्ष्मणराव हसला. नाकातोंडात पाणी गेलतं, त्या गडबडीत काय बोललो ते आता याद नाही, असं काहीतरी म्हणाला आणि सरांकडे पाहू लागला. सरांना काही कळत नव्हतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. देवकाबाई हलली नाही.

तेव्हा मागून, चपला काढायच्या जागेवरून, तानबा उठला.

"याद नसन तर मी सांगतो," तो म्हणाला. "देवकाबाईनं इचारलं, धनंजय पिऊन होता का. त्यायनं सांगतलं, नाई. आन् मलेबी माहीत होतं. म्याच काढलं ना त्याले. त्याचं तोंड माह्या तोंडाजवळ होतं. दारूचा वास नव्हता." मग म्हणाला, "मी तवा बोललो नाई."

एवढं बोलून तो बसला नाही. तसाच उभा राहिला, जणू पुढे काय करायचं ते त्याला कोणी सांगावं.

लक्ष्मणरावाच्या तोंडाचा रंग उडाला आणि मग भडकला. इतका वेळ सांभाळलेला आवाज फाटला. "आन् ह्या बाईनं काय केलं ते इचारा की," तो म्हणाला. "दोर धरून उभी होती. मी मरून राह्यलो आन् ही पाहून राह्यली. माय म्हणते तुमी हिले."

सगळ्या माना देवकाबाईकडे वळल्या. नाही म्हणायला तिला पुरेसा वेळ होता. ती नाही म्हणेल म्हणून कितीतरी बाया वाट पाहत होत्या.

"हाव," ती म्हणाली. "उभी होती. तुमी नाई म्हणले म्हणून काढलं. नसते म्हणले तर नसतं काढलं."

ती माइकपासून मागे झाली आणि पटांगणातून चालू लागली. लोकांनी वाट दिली, जरा जास्तच दिली. वर्षाली मागून आली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली.

शिबिर त्याच संध्याकाळी उठलं. जाताना योगेंद्र सर घरी आले. ओट्यावर बसले नाहीत. माझ्या भरवशावर आईबापांनी पोरं पाठवली होती, म्हणाले, आणि तुम्ही त्यांच्या शिबिरात एका माणसाला बुडू दिलं असतं. देवकाबाईनं ऐकून घेतलं. त्यांचं चुकत नव्हतं. पोरांचे दोर मी कधी ढिले सोडले नाहीत, एवढं ती म्हणाली. ते खरं आहे, असं सर म्हणाले, आणि गेले.

त्या दिवशी वर्षालीनं भाकरी केल्या. तव्यावरची भाकर उलटताना तिनं विचारलं, "आत्याबाई, त्याले काढलं काऊन?"

"मले जे ऐकाचं होतं ते भेटलं."

"मले नाई भेटलं," वर्षाली म्हणाली.

महादेवराव चुलीपाशी ताट घेऊन बसला होता. त्यानं दोघींकडे पाहिलं. सकाळी मोटार तपासतो, म्हणाला. वर्षभर गंजली, चालते की नाही कोण जाणे. आणि घास घेऊ लागला.

गावात आता निराळीच कुजबुज होती. धनंजय पिऊन होता हे कोणी म्हणेना, उलट पोरगं किती गुणी होतं ते सांगायला चढाओढ लागली. देवकाबाईबद्दल मात्र बाया आवाज खाली आणत. हिच्या हातात दोर देऊ नको बाई, असं एकजण चक्कीवर म्हणाली आणि देवकाबाई मागेच उभी आहे हे पाहून तिनं पिठाच्या डब्यात तोंड घातलं. देवकाबाईनं आपला डबा डोक्यावर घेतला. तिला काही वाईट वाटलं नाही. पोराच्या नावावरचं ओझं उतरून तिच्यावर आलं होतं. तिला ते पेलत होतं.

पूर्वेचा कोपरा राहिला होता. वाणाचे दिवस देऊन झाले होते, बोलवायला तोंड नव्हतं आणि तिनं बोलावलंही नाही. तानबा सांगितल्याशिवाय डोंगा घेऊन आला. महादेवराव पाळ उतरून काठापर्यंत आला आणि मोटारीपाशी उकिडवा बसून तिचे नट खोलू लागला. तलावाकडे पाठ करून का होईना, पण आला. वर्षालीनं लुगड्याचा काचा मारला, कमरेला दोर बांधून टोक डोंग्यातल्या तानबाकडे दिलं आणि खड्ड्याच्या अलीकडे, ज्या पाण्याचं नाव ती वर्षभर घेत नव्हती त्यात उतरली. पाणी पोटाला लागलं तशी तिनं दातावर दात धरले. मग पहिलं रोप धरलं आणि असं उपटलं की मुळ्यांसकट तळाचा गाळ वर आला. पुढचं धरलं. देवकाबाई तिच्या बाजूला, तितक्याच पाण्यात, तिच्याही कमरेला दोर.

दुपार कलताना पाळीवर मोटरसायकलचा आवाज आला. लक्ष्मणराव होता. पुढे वाट त्या ढिगानं अडवलेली. ढीग कुजून खाली बसला होता, त्याचा काळा रस वाटेवर पसरला होता. तो उतरला, गाडी हातानं ढकलत चिखलातून कडेकडेनं नेऊ लागला. एकदा घसरला, सावरला. खाली पाण्यात कोण आहे हे त्याला दिसलं होतं. त्यानं मान वर केली नाही.

वर्षाली हातातलं सोडून सरळ उभी राहिली. तो गाडी ढकलत ढिगाला वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत, गाडी सुरू करून पाळीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. देवकाबाईनं तिला हाक मारली नाही. तिच्या हातून सुटून वाहत चाललेलं झुंबाड तेवढं धरून ठेवलं. मग वर्षाली वाकली, दुसऱ्या बाजूनं तिनं ते धरलं, आणि दोघी मिळून ते काठाकडे ओढू लागल्या.